'एकशृंग' : एक नाम आणि अनेक प्राणी

इ. स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलाच्या जुन्या करारात 'युनिकॉर्न', म्हणजे एकशिंगी प्राणी, हा शब्द नऊ ठिकाणी आढळतो. १८८५ साली जुन्या कराराचे सुधारलेले इंग्रजी भाषांतर बाहेर पडले, तेव्हा त्या नऊही ठिकाणी 'रानबैल' या अर्थाचा शब्द आला. मधल्या पावणेतीनशे वर्षांत मूळ हिब्रू पाठात काही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो एका शब्दाच्या अर्थाविषयीच्या समजुतीत. धर्मग्रंथात ज्याचे नाव आहे तो प्राणी सृष्टीत असलाच पाहिजे, असे मानणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी ज्याचा शोध घेतला, तो त्या ग्रंथाच्या मूळ भाषेत कधी नव्हताच, असे यावरून दिसून येते.

एकशृंगामागे खरा प्राणी कोणता, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो आणि गेंडा, रानबैल, हरिण अशी निरनिराळी उत्तरे दिली जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, प्रश्न या स्वरूपात विचारला तर त्याचे उत्तर मिळणे शक्य नाही. 'एक शिंग असलेला' हे वस्तुतः वर्णन आहे. निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या प्राण्यांना ते लावले गेले, पुढे त्या वर्णनाचे विशेषनाम झाले आणि नाम एकच असल्यामुळे त्यामागील प्राणीही एकच असावा असा भ्रम निर्माण झाला. म्हणून प्रथम शब्द वेगळे करावयाचे आणि मग प्राणी शोधावयाचे, असा क्रम येथे स्वीकारला आहे.

१. हिब्रू 'रेएम'

जुन्या करारातील मूळ शब्द 'रेएम' हा आहे. तो एकशिंगी असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. उलट काही स्थळे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. अनुवाद या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे योसेफाच्या वंशाला आशीर्वाद देतो, तेव्हा त्या वंशाच्या शिंगांना रेएमच्या शिंगांची उपमा दिलेली आहे आणि एफ्राईम व मनश्शे या दोन शाखांशी त्या शिंगांचा संबंध जोडला आहे. येथे 'शिंगे' हा शब्द अनेकवचनी असून 'रेएम' मात्र एकवचनी आहे. दोन शाखांसाठी दोन शिंगे हवीत, अन्यथा उपमाच उभी राहत नाही. १६११ च्या भाषांतरकारांसमोर ही अडचण आली. एकशिंगी प्राण्याला अनेक शिंगे कशी द्यावयाची? त्यांनी प्राण्याचेच अनेकवचन केले आणि मुळात एकवचन असल्याची नोंद प्रामाणिकपणे समासात दिली. ती समासातील नोंद हीच त्या भाषांतराच्या चुकीची कबुली होय, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी साक्ष वाक्यरचनेची आहे. हिब्रू काव्यात एकच कल्पना दोन समांतर चरणांत सांगण्याची पद्धत आहे. एकोणतिसाव्या स्तोत्रात रेएमच्या पिलाच्या समांतर स्थानी वासरू येते. यशयाच्या चौतिसाव्या अध्यायात रेएमच्या जोडीला बैल येतात. ईयोबाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात तर, हा प्राणी तुझी चाकरी करील काय, तुझ्या गव्हाणीपाशी राहील काय, तुझ्या नांगराला जुंपून घेईल काय, अशा अर्थाचे प्रश्न ईयोबाला विचारलेले आहेत. गेंड्याला किंवा हरिणाला नांगरास जुंपण्याची कल्पना कोणी करणार नाही. जो दिसावयास बैलासारखा आहे, पण बैलासारखा माणसाळत नाही, अशा प्राण्याविषयीच हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो.

तिसरी साक्ष भगिनीभाषांची. अक्कडी भाषेतील 'रीमु' हा शब्द रानबैल या अर्थी येतो. असीरियाचे राजे आपल्या शिकारीच्या वर्णनांत त्याचा अभिमानाने उल्लेख करतात. निमरूद येथील दुसऱ्या अशुरनासिरपालच्या प्रासादातील इ. स. पू. नवव्या शतकातील शिल्पपटांत रानबैलाच्या शिकारीचे दृश्य कोरलेले आहे. हा प्राणी म्हणजे आजच्या पाळीव गुरांचा वन्य पूर्वज, प्राणिशास्त्रात ज्याला 'बॉस प्रिमिजिनिअस' म्हणतात तो. पश्चिम आशियातून तो फार पूर्वी नाहीसा झाला. युरोपातील त्याची अखेरची गाय १६२७ साली पोलंडमधील याक्तोरूफच्या अरण्यात मेली.

तथापि अरबी भाषेतील त्याच धातुकुळातील 'रिम' हा शब्द पांढऱ्या हरिणाला लावला जातो. या आधारावर रेएम म्हणजे अरबस्तानातील लांब शिंगांचा ओरिक्स होय, असे मत काही विद्वानांनी मांडले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सजातीय शब्दांचा उगम एक असला तरी अर्थ एक असतोच असे नाही. संस्कृत 'मृग' हा प्रारंभी कोणत्याही वन्य प्राण्याचा वाचक होता. 'मृगेंद्र' आणि 'शाखामृग' या समासांत तो व्यापक अर्थ टिकून आहे. पुढे तो हरिणापुरता मर्यादित झाला. त्याच कुळातील फारसी 'मुर्ग' हा मात्र पक्ष्याचा वाचक झाला. मुर्गावरून मृगाचा अर्थ ठरविणे जितके धोक्याचे, तितकेच अरबी शब्दावरून रेएमचा अर्थ ठरविणे धोक्याचे आहे. संदर्भाची साक्ष प्रथम आणि व्युत्पत्तीची नंतर, हा नियम येथे पाळला म्हणजे निर्णय रानबैलाच्या बाजूने होतो.

मग शिंग एक कसे झाले? इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथे हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्या भाषांतरकारांनी बहुतेक स्थळी रेएमसाठी 'मोनोकेरोस', म्हणजे एकशृंग, हा शब्द योजला. कदाचित रानबैल त्यांच्या परिसरात उरलेला नव्हता आणि शब्दाचा नेमका अर्थ विस्मृतीत गेला होता; बलाढ्य, न माणसाळणारा असा जो प्राणी ग्रीक ग्रंथांतून त्यांना ठाऊक होता, त्याचे नाव त्यांनी घातले असावे. हे अनुमान आहे. पण अर्थाची पकड सुटली होती याचा एक पुरावा मात्र हाती आहे. अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रात 'उंच स्थाने' या अर्थाचा 'रामीम' हा शब्द आहे. तेथेही ग्रीक भाषांतरात एकशृंगच आले, कारण वर्णसादृश्यामुळे तो शब्द रेएमचे अनेकवचन म्हणून वाचला गेला.

इ. स. ४०० च्या सुमारास जेरोमच्या लॅटिन बायबलात त्याच हिब्रू शब्दासाठी काही ठिकाणी 'ऱ्हिनोसेरोस', म्हणजे नाकावर शिंग असलेला, आणि काही ठिकाणी 'युनिकॉर्निस' असे दोन शब्द आले. एका रानबैलाचे अशा रीतीने एकाच ग्रंथात दोन वेगळे प्राणी झाले. लूथरच्या जर्मन आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरांनी पुढे एकशृंगच कायम केले.

२. ग्रीकांचा 'भारतीय गाढव'

अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांना जो एकशृंग ठाऊक होता, त्याचे मूळ पॅलेस्टाईनमध्ये नसून भारताविषयीच्या वर्णनांत आहे. नीडोस येथील क्टेसिअस हा इराणचा सम्राट दुसरा अर्तक्षत्र याचा राजवैद्य होता. त्याने इ. स. पू. ४०० च्या सुमारास भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. तो आज उपलब्ध नाही; नवव्या शतकातील फोटिअसने केलेला त्याचा सारांश तेवढा उरला आहे. क्टेसिअस स्वतः भारतात आला नव्हता. इराणी दरबारी जे कानावर आले ते त्याने लिहिले.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे भारतात घोड्याएवढे किंवा त्याहून मोठे रानगाढव असतात. त्यांचे अंग पांढरे, डोके तांबडे, डोळे निळे. कपाळावर सुमारे हातभर लांबीचे शिंग, ते बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाला लालभडक. या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला अपस्मार होत नाही आणि विषबाधाही होत नाही. हा प्राणी अत्यंत वेगवान असून जिवंत सापडत नाही.

या वर्णनाचे घटक सुटे केले म्हणजे त्यात किमान दोन प्राणी दिसू लागतात. एकच शिंग आणि त्या शिंगाचा विषनाशक पेला ही लक्षणे गेंड्याची आहेत. वेग, घोड्यासारखा बांधा आणि 'गाढव' ही संज्ञा मात्र रानगाढवाची आहेत. कच्छच्या लहान रणात त्याची एक जात आजही आढळते. शिंगाचे तीन रंग कदाचित रंगविलेल्या पेल्यावरून आले असतील. दरबारात पोचत होता तो पेला. ज्याच्या शिंगाचा तो पेला, तो प्राणी पोचत नव्हता, हे लक्षात घेतले तर या मिश्रणाचे कारण कळून येते. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत हा 'भारतीय गाढव' एकशिंगी व एकखुरी म्हणून स्वीकारला आणि त्याच्या शब्दामुळे त्याला शास्त्रात कायमचे स्थान मिळाले.

यानंतरचे वर्णन एलिअनच्या ग्रंथात आहे व ते मेगॅस्थेनीसवरून घेतले असावे असे सामान्यतः मानले जाते. येथे प्राण्याचे नाव 'कार्टाझोनोस' असे दिले आहे. त्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे, शेपूट डुकरासारखे, शिंग काळे, आवाज कर्कश. इतर प्राण्यांशी तो सौम्य असतो, स्वजातीयांशी मात्र झगडतो आणि एकटा चरतो. आयाळीचा आणि पिळदार शिंगाचा भाग सोडला, तर गेंडा ओळखण्यास अडचण पडत नाही.

इ. स. पहिल्या शतकातील प्लिनीच्या ग्रंथात या प्रवासाचा परिणाम दिसतो. रोममध्ये पाँपीने भरविलेल्या खेळांत प्रत्यक्ष दाखविलेला गेंडा त्याला ठाऊक आहे व त्याला तो 'ऱ्हिनोसेरोस' म्हणतो. थोड्याच अंतरावर तो भारतातील 'मोनोसेरोस'चे वर्णन करतो : हरिणाचे डोके, हत्तीचे पाय, रानडुकराचे शेपूट, कपाळाच्या मध्यभागी दोन हात लांबीचे काळे शिंग. गेंडाच दोन मार्गांनी त्याच्याकडे आला, एकदा डोळ्यांनी पाहिलेला आणि एकदा शब्दांनी ऐकलेला. नावे दोन असल्यामुळे हे दोन प्राणी आहेत असे त्याने धरले.

३. खड्ग, खड्गविषाण, गंड

ज्या भूमीतून ही वर्णने गेली, तेथील भाषांत मात्र असा गोंधळ दिसत नाही. संस्कृतात गेंड्यासाठी 'खड्ग', 'खड्गिन्' आणि 'गण्डक' ही नावे आहेत. वाजसनेयी संहितेत अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत खड्ग येतो. मनुस्मृतीत पंचनखी प्राण्यांपैकी भक्ष्य म्हणून त्याची गणना आहे आणि श्राद्धप्रकरणी त्याच्या मांसाचा उल्लेख आहे. हा प्राणी दंतकथेतील नसून रानातला आणि पाकशाळेतला होता. अकराव्या शतकात अल्-बीरूनी गंगेच्या परिसरातील 'गंडा'चे नाकावरील शिंगासह जे वर्णन करतो, तेही याच वस्तुनिष्ठ परंपरेतील आहे. सोळाव्या शतकात बाबराने सिंधूच्या आणि पेशावरच्या परिसरात गेंड्यांची शिकार केली. यावरून त्याचा संचार पूर्वी किती पश्चिमेपर्यंत होता हे कळते.

पालि 'सुत्तनिपाता'तील 'खग्गविसाणसुत्ता'चे नाव या संदर्भात विचारार्ह आहे. साधकाने एकट्याने संचार करावा, असा उपदेश त्यात 'खग्गविसाणा'च्या उपमेने केला आहे. या समासाचा विग्रह दोन प्रकारे होतो. 'खड्गाचे विषाण' असा षष्ठी तत्पुरुष घेतला तर उपमान गेंड्याचे शिंग ठरते. ते एकच असते म्हणून एकाकी. 'खड्गासारखे विषाण ज्याचे तो' असा बहुव्रीही घेतला तर उपमान स्वतः गेंडा ठरतो. तो एकटा हिंडतो म्हणून एकाकी. दोन्ही पक्षांना आधुनिक विद्वानांचा पाठिंबा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, गेंड्याचे एकशिंगी असणे आणि त्याचे एकलकोंडेपण या दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्यांना परिचित होत्या, म्हणूनच ही उपमा चालली. एलिअनच्या ग्रंथातील एकटा चरणारा 'कार्टाझोनोस' याच निरीक्षणाचा दूरचा प्रतिध्वनी मानता येईल.

भारतात एकशृंगाची कथा नाही असे मात्र नाही. हरिणीच्या पोटी जन्मलेला, मस्तकावर शिंग असलेला ऋष्यशृंग रामायण-महाभारतात आहे आणि 'महावस्तु' या बौद्ध ग्रंथात त्याचे नावच 'एकशृंग' आहे. स्त्रीच्या सहवासाने तो वश होतो, हे कथाबीज आणि कुमारिकेच्या मांडीवर डोके टेकून पकडल्या जाणाऱ्या युरोपीय एकशृंगाचे कथाबीज यांतील साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. साम्य लक्षणीय आहे. पण मधले दुवे सिद्ध झालेले नाहीत, म्हणून येथे अधिक काही म्हणणे योग्य नव्हे.

मराठी 'गेंडा' हा शब्द 'गण्ड'–'गण्डक' यांच्याशी संबद्ध आहे, परंतु पहिल्या अक्षरातील 'ए' या स्वराची उपपत्ती 'गण्ड'वरून सरळ लागत नाही. मध्ये एखादे वेगळे रूप असावे असे मानावे लागते. महाराष्ट्रात गेंडा आज नाही. पण प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेल्या प्रसिद्ध धातुमूर्तींत रथ, हत्ती व रेडा यांच्याबरोबर चाकांवर उभा असलेला गेंडाही आहे. घडविणाऱ्याला तो प्राणी ठाऊक होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

४. सिंधू मुद्रांवरील प्राणी

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वाधिक आढळणारा प्राणी 'एकशृंग' म्हणून ओळखला जातो. बैलासारखे सडपातळ शरीर, पुढे वळलेले एकच शिंग आणि समोर एक उभे पात्र, असे त्याचे स्वरूप आहे. हा वस्तुतः दोन शिंगांचा बैल असून बाजूने काढल्यामुळे एकच शिंग दिसते, असे म्हटले गेले आहे. या मताविरुद्ध दोन गोष्टी आहेत. त्याच मुद्रांवर वशिंडाचा बैल बाजूनेच काढलेला आहे, तरी त्याची दोन्ही शिंगे दाखविली आहेत. शिवाय चन्हुदडो आदी स्थळी एकशिंगी प्राण्याच्या मातीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. मूर्तीत शिंग लपण्याचा प्रश्न येत नाही.

हा गेंडा असावा काय? तेही संभवत नाही, कारण कातडीच्या घड्यांसह हुबेहूब काढलेला गेंडा त्याच मुद्रासमूहात स्वतंत्रपणे आलेला आहे. तेव्हा सिंधू एकशृंग हे बैलाच्या किंवा हरिणाच्या रूपावरून जाणूनबुजून निर्माण केलेले चिन्ह असावे, हे मत अधिक संभाव्य वाटते. 'एकशृंग' हे नाव त्याला आधुनिक संशोधकांनी दिले आहे. त्याचे मूळ नाव ती लिपी वाचली जाईपर्यंत कळणार नाही, आणि म्हणून बायबलाशी किंवा क्टेसिअसशी त्याचा संबंध जोडण्यास आज कोणताही भाषिक आधार नाही.

५. गोव्यातून गेलेला गेंडा आणि समुद्रातून आलेले शिंग

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याला एक गेंडा भेट दिला. तो गोव्यास आणला गेला आणि तेथून पोर्तुगालच्या राजाकडे रवाना करण्यात येऊन २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोचला. त्याच्याबरोबर 'गंडा' हे त्याचे देशी नावही गेले. त्याच्या वर्णनावरून व रेखाटनावरून, प्रत्यक्ष न पाहता, आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ मध्ये आपले प्रसिद्ध काष्ठचित्र केले आणि त्याच्या खांद्यावर एक जादा लहान शिंगही घातले. पुढे पोपकडे पाठविला जात असताना १५१६ च्या प्रारंभी जहाज फुटून तो प्राणी बुडाला.

खरा एकशिंगी प्राणी युरोपने असा डोळ्यांनी पाहिला. तरीही 'युनिकॉर्न' नाहीसा झाला नाही. त्यापूर्वी तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने सुमात्रात गेंडे पाहून, हे आपल्याकडे सांगतात त्या एकशृंगासारखे मुळीच नाहीत, चिखलात लोळणारे कुरूप प्राणी आहेत, अशी तक्रार केली होती. शब्दाने घडविलेले चित्र इतके दृढ झाले होते की वस्तूच खोटी ठरली.

शिवाय एकशृंगाचे 'शिंग' बाजारात प्रत्यक्ष मिळत होते. ते उत्तर समुद्रातील नारव्हाल या सस्तन जलचराचे होते. नराच्या वरच्या जबड्यातील डावा सुळा ओठातून बाहेर येऊन पिळदार वाढतो आणि त्याची लांबी अडीच मीटरांच्याही पुढे जाते. विषनाशक म्हणून राजेरजवाडे ते मोठ्या किमतीस घेत. आंब्रवाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने १५८२ मध्ये त्याच्या गुणांविषयी शंका घेतली आणि १६३८ मध्ये ओले वोर्म या डॅनिश वैद्याने तो सुळा नारव्हालचाच असल्याचे दाखवून दिले. लिनिअसने १७५८ साली या जलचराला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात 'मोनोसेरोस' हे पद आहे. रानबैलाच्या भाषांतरात आणि भारतीय गाढवाच्या वर्णनात फिरलेला शब्द अखेर एका सागरी प्राण्याच्या नावात स्थिरावला.

फ्रेंच 'लिकोर्न' हा शब्दही नामांतराचा मनोरंजक नमुना आहे. लॅटिनवरून आलेल्या 'युनिकोर्न' शब्दातील आरंभीचा 'युन' हा लोकांना 'एक' या अर्थाचे उपपद वाटला, म्हणून उरलेला 'इकोर्न' हाच शब्द मानला गेला. त्याला निश्चित उपपद जोडून 'लिकोर्न' झाले आणि तेच अखंड पद समजून त्यापुढे आणखी एक उपपद लागले. अशाच चुकीच्या पदच्छेदाने आपल्या 'नारंगा'चा आदि-नकार युरोपात गळाला. ज्याच्या नावातच एक हे पद होते, त्याच्या फ्रेंच नावातून ते 'एक'च नाहीसे झाले!

६. उपसंहार

सारांश असा. बायबलातील एकशृंग हा दोन शिंगांचा रानबैल होय. ग्रीकांचा एकशृंग मुख्यतः भारतीय गेंडा असून त्यात रानगाढवाचे अंश मिसळले आहेत. सिंधू मुद्रांवरील एकशृंग हे बहुधा कल्पित चिन्ह आहे. युरोपातील औषधी शिंग हे नारव्हालचे दात होत. या चारांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे केवळ एक वर्णनात्मक शब्द.

विद्यार्थ्यांनी यातून पद्धतीचा बोध घ्यावा. आपल्या ग्रंथांतील शरभ, गवय, ऋश्य यांची प्राणिशास्त्रीय ओळख पटविताना हाच मोह पडतो. अशा वेळी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : त्या विशिष्ट पाठात मूळ शब्द कोणता? त्या वाक्यात प्राण्याचे कोणते लक्षण अर्थासाठी आवश्यक आहे? आणि लेखकाने तो पाहिला होता की केवळ ऐकला होता? कोशातील प्रतिशब्द हे यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हे.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा आहे असेही समजू नये. क्टेसिअसने नोंदविलेली शिंगाच्या औषधी गुणाची समजूत नाहीशी झालेली नाही. गेंड्याचे शिंग हे केस आणि नखे ज्या द्रव्याची असतात त्याच केराटिनचे बनलेले असते. तरीही त्यासाठी गेंड्याची चोरटी शिकार होत आली आहे. २०२२ च्या गणनेत काझीरंगा येथे २,६१३ गेंडे आढळले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे त्याला संरक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला नसता, तर आज हा प्राणीही रेएमप्रमाणे केवळ ग्रंथांत उरला असता आणि पुढील काळातील भाषांतरकारांना 'खड्ग' म्हणजे काय, हे अंदाजाने ठरवावे लागले असते. रानबैलाच्या बाबतीत नेमके तेच घडले : प्राणी गेला, शब्द राहिला, आणि त्या मोकळ्या शब्दाला एक शिंग फुटले.